एका रक्ताचे उंदीर

आमच्या घराण्यात शिकलेला मी पहिला, आणि शिकून मी काय केलं, तर उंदीर पाळले. कनेरगाव नाक्यापासून थोड्याच अंतरावर आमचं गाव. तिथं कुणी आईला विचारलं, की पोरगं हिंगोलीला काय करून राहिलं, तर ती नुसतं ‘दवाखान्यात हाय’ म्हणायची आणि विषय बदलायची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याकडं मेंढरं होती, त्यांच्या वडिलांकडं होती, त्यांच्याही वडिलांकडं होती. त्यांचा मुलगा उर्दूतून मॅट्रिक झाला, हैदराबादला जाऊन प्रयोगशाळेतलं काम शिकून आला आणि परत येऊन पिंजऱ्यातल्या उंदरांना ज्वारी घालू लागला, हे त्यांनाही कुणाला समजावून सांगता येत नव्हतं.

तेव्हा आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं आणि हिंगोली परभणी जिल्ह्यात मोडायची. गावाबाहेर जुन्या फौजी छावणीचे बंगले होते. फौज कधीच उठून गेली होती, बंगले रिकामे पडले होते. त्यांतल्या एका बंगल्यात सरकारनं प्लेगच्या तपासणीसाठी लहानशी प्रयोगशाळा उघडली होती. एक डॉक्टर, एक मी, एक झाडणारी बाई आणि दारावर एक शिपाई, एवढीच माणसं. डॉक्टरसाहेब हिंगोलीतल्याच जुन्या मुसलमान घरातले. त्यांचे वडील हळदीचे व्यापारी. मुलानं आडतीच्या गादीवर बसावं ही त्यांची इच्छा, पण मुलगा हैदराबादला डॉक्टरी शिकला आणि शहरात दवाखाना न थाटता पुन्हा हिंगोलीलाच आला. बोलणं मोजकं, आवाज खालचा. मला ते पहिल्या दिवसापासून ‘तुमी’ म्हणाले. आमच्यासारख्या माणसाला साहेबानं तुमी म्हणायचं, हे मला किती तरी दिवस नवीनच वाटायचं.

प्लेगचं भय आजच्या पिढीला सांगून कळायचं नाही. आधी घरात उंदीर पडायचे. आढ्यावरून, भिंतीच्या बिळातून झिंगल्यासारखे बाहेर यायचे आणि अंगणात मरून पडायचे. ते दिसले की माणसं दाणागोटा, भांडीकुंडी उचलून माळावर झोपड्या टाकायची. उशीर झाला, की मग माणसांना ताप यायचा, काखेत किंवा जांघेत गाठ यायची. अशा मुलखात मी उंदीर पाळत होतो. बाजारात माझ्याजवळून जाताना लोक धोतराचा सोगा सावरून घ्यायचे.

आमचं काम असं होतं. एखाद्या गावात संशय आला, की तिथल्या मेलेल्या उंदराचा किंवा आजारी माणसाच्या गाठीतला अंश आमच्याकडं यायचा. तो पांढऱ्या उंदरांना टोचायचा आणि वाट पाहायची. उंदीर मेले, आणि खुर्दबिनीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, प्लेगचे जंतू दिसले, की गाव उठवायचं आणि लस टोचायची. उंदीर जगले तर गावाला घरी राहू द्यायचं. म्हणजे गाव माळावर जायचं की घरात राहायचं, हे त्या पांढऱ्या उंदरांच्या जगण्यामरण्यावर ठरत होतं.

आणि आमचे उंदीर एकसारखं सांगत नव्हते.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात वारंग्याकडच्या एका गावातून नमुना आला. आम्ही नेहमीप्रमाणे काही उंदरांना टोचलं. त्यातले काही दोन-चार दिवसांत मेले, पण त्यांच्या शरीरात जंतू स्पष्ट सापडेनात. बाकीचे मजेत दाणे खात होते. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा टोचून पाहिलं, पुन्हा तसंच. त्यांनी वर कळवलं, की निर्णय देता येत नाही, पण माझ्या मते गाव उठवावं. वरून उत्तर आलं, की निर्णय झाल्याशिवाय ऐन सुगीत गाव उठवता येणार नाही. तोवर त्या गावात प्लेग घराघरात शिरला होता. आम्ही लस घेऊन पोचलो तेव्हा वेशीजवळ एक म्हातारा बसलेला होता. त्यानं बैलगाडीतली लशीची पेटी पाहिली आणि मान वळवली.

दुसऱ्या दिवशी मी पिंजरे साफ करत होतो, तर डॉक्टरसाहेब येऊन शेजारच्या स्टुलावर बसले.

“एकच दाणा, एकच पाणी, एकच सुई,” ते म्हणाले. “मग एक मरतो आणि एक जगतो, तो काहून?”

मी म्हणालो, “रक्तात फरक असंल, साहेब.”

“बराबर. मग एका रक्ताचे उंदीर करावे लागतील.”

फरक कुठून आला तेही आम्हाला लवकरच दिसलं. एका पांढऱ्या मादीला पिल्लं झाली आणि ती वाढली तशी करड्या रंगाची निघाली. पिंजऱ्याच्या खालच्या जाळीला भोक होतं. रानचा करडा नर त्यातून आत येऊन गेला होता. डॉक्टरसाहेबांनी मला समजावलं, की आज पिल्लं करडी आहेत म्हणून आपल्याला कळलं. पण ही करडी पिल्लं पुढं पांढऱ्यांत मिसळली, की त्यांच्या पोटी पुन्हा पांढरी पिल्लं येतील. त्यांचा रंग पांढरा असेल, आणि आत रानच्या उंदराचं काय काय उतरलंय ते डोळ्यांना दिसणार नाही. आमच्याकडं हैदराबादहून आलेला सगळा साठाच असा इकडचा तिकडचा, मिसळलेला होता. कुणात प्लेग सोसायची ताकद होती, कुणात नव्हती, आणि दिसायला सगळे सारखे, गुलाबी डोळ्यांचे.

परदेशात अशा उंदरांचे शुद्ध वंश तयार करतात, हे त्यांनी वाचलं होतं. पद्धत सोपी आणि ऐकायला वाईट होती. एका जोडप्याच्या पिल्लांतून भाऊ-बहीण घ्यायचे आणि त्यांचीच जोडी लावायची. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा भाऊ-बहीण. असं पिढ्यान्‌पिढ्या करत गेलं, की शेवटी त्या वंशातले सगळे उंदीर आतून-बाहेरून एकसारखे होतात. उंदरांची पिढी दोन-तीन महिन्यांत पालटते, तेव्हा चार-पाच वर्षांत हे साधेल, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी मला विचारलं, की कराल का. मी हो म्हणालो. मेंढरांच्या वंशावर वाढलेल्या पोराला याहून जवळचं काम कुठलं मिळणार होतं.

आबांना मात्र ते मुळीच पटलं नाही. मी सणाला गावी गेलो तेव्हा ते मेंढरांच्या वाड्याशी बसून जाळी विणत होते. मी काय करतो ते सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

“भाऊ-भयनीची जोडी? हे काहून करून राहिलास?” ते म्हणाले. “आमी मेंढा बदलतो. घरचाच मेंढा लावत गेलं की कोकरं खुरटी निघतेत, मेंढ्या गाभडतेत. हे तुला म्या लहानपनापून दावलं हाय.”

“मेंढरं जगवायची असतेत, आबा. ही उंदरं एकसारखी करायची हायेत. एकाला जे झालं ते समद्यांना व्हायला पायजे, तवा लशीचा गुण कळतो.”

“मरतील समदी,” ते म्हणाले आणि पुन्हा जाळी विणू लागले.

त्यांचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. मी बऱ्याच जोड्यांपासून सुरुवात केली होती. तिसऱ्या-चौथ्या पिढीपासून वंश तुटू लागले. कुठं माद्या वांझ निघाल्या, कुठं पिल्लं जन्मताच मेली, कुठं आयांनी पिल्लं खाल्ली. एका वंशात सगळी पिल्लं मान वाकडी करून गरगर फिरायची. एकेक पिंजरा रिकामा होत गेला. डॉक्टरसाहेब एकदा म्हणाले, की आपण बंद करू, ही तकलीफ या मुक्या जिवांनाही नको आणि तुमालाही नको. मी त्यांना थांबवलं. मला दोन वंशांत दम दिसत होता. त्यांच्या माद्यांना दूध चांगलं होतं, पिल्लं कमी व्हायची पण जगायची. आमच्या मेंढरांतही आबा आधी मेंढीची कास बघायचे, मग लोकर. मी तेच केलं. प्रत्येक पिढीत जिचं दूध चांगलं, जी पिल्लांजवळ शांत बसते, तिचीच पिल्लं पुढं घेतली. दाण्यात थोडी भुईमुगाची पेंड मिसळली. उन्हाळ्यात खिडकीला ओली तरटं लावली. पिंजऱ्याच्या जाळ्या हिंगोलीच्या एका कारागिराकडून दुहेरी करून घेतल्या, म्हणजे पुन्हा रानचा पाहुणा आत यायला नको.

शेवटी दोनच वंश उरले. एकाचे पिंजरे खिडकीकडं होते, दुसऱ्याचे दाराकडं, म्हणून आम्ही त्यांना खिडकीचा वंश आणि दाराचा वंश म्हणू लागलो. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही तपासले. खिडकीच्या वंशाला प्लेग टोचला की एकूण एक उंदीर जात होता, जवळपास एकाच वेळी. दाराच्या वंशातले बहुतेक उंदीर तेवढाच डोस पचवून पुन्हा दाण्यावर येत होते. दोन्ही पांढरे, दोन्ही गुलाबी डोळ्यांचे, एकाच खोलीत वाढलेले. ते निकाल पाहून डॉक्टरसाहेब उठले, बाहेर व्हरांड्यात गेले आणि थोड्या वेळानं परत येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या बंगल्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि पुढं मोठमोठ्या ठिकाणी मिळालेला मानही मला त्याच्याएवढा वाटला नाही.

याच सुमारास हिंगोलीत प्लेग आला. धान्याच्या बाजारात उंदीर पडले, मग छावणीच्या बाजूला पडले. गाव माळावर निघालं. आमच्या बंगल्याच्या मागं एक मेलेला करडा उंदीर सापडला तेव्हा डॉक्टरसाहेब घाबरले. रानच्या उंदरांच्या अंगावरच्या, प्लेग पसरवणाऱ्या पिसवा आमच्या पिंजऱ्यांत शिरल्या तर खिडकीचा वंश दोन दिवसांत संपला असता. इतक्या वर्षांची मेहनत एका पिसवेनं जाणार. पिंजरे हलवायचे कुठं? शहरात कुणी उंदीर घरात घेणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, आमच्या गावी नेतो.

बैलगाडीत गवत अंथरून पिंजरे ठेवले, वर कापड टाकलं. गाव जवळ आलं तसं माझं मन धास्तावलं. वेशीत आठ-दहा माणसं उभीच होती. हिंगोलीत प्लेग आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी गाडीभर उंदीर घेऊन येत होतो. पाटलांनी गाडी अडवली. मी सांगायला लागलो, की हे निरोगी आहेत, यांना अजून काहीच टोचलेलं नाही. कुणी ऐकत नव्हतं. एक जण म्हणाला, की गाडीसकट जाळा. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या वर्षी आसपासच्या गावांत माणसं मरत होती.

आबा गर्दीच्या मागं उभे होते. ते पुढं आले, गाडीजवळ गेले, कापड उचलून त्यांनी आत पाहिलं.

“माझ्या पोराची हायेत ही,” ते म्हणाले. “माझ्या वाड्यात ऱ्हातील, गावापून लांब. मीबी तिथंच झोपतो. मला काई झालं तर मग जाळा.”

पाटलांनी गाडी सोडली. गावाबाहेरच्या माळावर मेंढरांचा वाडा होता, त्याच्या कडेला आबांनी कुडाची झोपडी उभी केली. आत फळ्या टाकून पिंजरे ठेवले. माझी बायको तेव्हा गावीच होती, आमची मुलगी लहान होती. बायकोनं झोपडीभोवतीची जमीन साफ केली, चुना टाकला, रोज कडुनिंबाचा धूर केला. दाणा भरडून द्यायचं काम तिनं आपणहून घेतलं. आबा सुरुवातीला लांबून पाहायचे. मग जवळ येऊन बसू लागले. कुठली मादी गाभण आहे हे ते पोटाच्या बाजूनं पाहून सांगायचे, कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं, आणि चुकलं की ते स्वतःच हसायचे.

एके दिवशी डॉक्टरसाहेब घोड्यावरून आले. गावात कुणाला ताप आहे का ते पाहायचं होतं आणि पिंजरेही पाहायचे होते. आबांनी त्यांना कांबळं अंथरून दिलं, मेंढीच्या दुधाचा चहा दिला. मग त्यांनी दोन्ही वंशांतला फरक विचारला. डॉक्टरसाहेबांनी सांगितला. मग आबांनी बाराबंदी वर करून काखेतली जुनी खूण दाखवली. ती मी लहानपणापासून पाहत होतो. पण ती कशाची, हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

ते तरणे होते तेव्हाच्या प्लेगात त्यांना गाठ आली होती. त्यांच्या धाकट्या भावालाही आली होती. दोघं एकाच झोपडीत पडून होते. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. आबा उठले.

“एका मायच्या पोटचे होतो,” ते म्हणाले. “एका ताटात जेवायचो. मग तो काहून गेला, साहेब, अन् म्या काहून ऱ्हायलो?”

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, की माणसांत सख्खे भाऊसुद्धा या उंदरांसारखे एका रक्ताचे नसतात. आईकडचं काही याला येतं, काही त्याला, बापाकडचंही तसंच. कदाचित तुमाला काही मिळालं होतं जे त्यांना मिळालं नव्हतं. कदाचित ताकदीचा, खाण्यापिण्याचा, नशिबाचा फरक असेल. माणसाबद्दल मला सांगता येणार नाही, म्हणूनच हे उंदीर करून राहिलोय.

आबांनी मान हलवली. इतकी वर्षं ते स्वतःला विचारत आले होते, की आपण भावाला काही कमी तर केलं नाही. त्या दिवशी ते बराच वेळ दोन्ही पिंजऱ्यांसमोर बसून होते. त्यानंतर भाऊ-बहिणीच्या जोडीबद्दल त्यांनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. हिवाळा सरल्यावर आम्ही पिंजरे परत नेले, तेव्हा एकही वंश तुटलेला नव्हता. बायको म्हणाली, की आता हे माझेही उंदीर आहेत, यांची खबर कळवत जा.

या उंदरांची खरी परीक्षा युद्धाच्या दिवसांत झाली. रेल्वेगाड्यांवर तेव्हा आधी लष्कराचा माल चढायचा. त्या वर्षी लशीच्या पेट्या मे महिन्यात निघाल्या आणि पूर्णा जंक्शनच्या यार्डात किती तरी दिवस उन्हात पडून राहिल्या. हिंगोलीला आल्या तेव्हा बाटल्यांच्या बुचांवरचं मेण वितळून खाली ओघळलं होतं. डॉक्टरसाहेबांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. लस वरून ठीक दिसत होती, पण एवढं ऊन खाऊन तिच्यात गुण उरला असेल का, याची त्यांना शंका आली.

तालुक्याचे अंमलदार रोज निरोप पाठवत होते. पेरणीआधी लोक गावात सापडतील, तेव्हाच टोचून मोकळं व्हा, एकदा पाऊस पडला की माणसं शेतात पांगतील. त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण निकामी लस टोचली, तर माणसं तिच्या भरवशावर हिवाळ्यात घर सोडणार नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट. डॉक्टरसाहेबांनी अंमलदारांना सांगितलं, की मला आधी उंदरांना विचारू द्या. अंमलदारांना राग आला असावा, पण त्यांनी मुदत दिली.

आम्ही खिडकीच्या वंशातले उंदीर घेतले. काहींना जुनी, थंड जागेत ठेवलेली लस दिली. काहींना नव्या पेटीतली. काहींना कुठलीच नाही. लस अंगी लागायला हवा तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मग सगळ्यांना प्लेग टोचला. पुढचे दिवस मी बंगल्यातच काढले. लस न दिलेले उंदीर मेले, अपेक्षेप्रमाणे. जुनी लस दिलेले जगले. आणि नवी लस दिलेले, एकामागून एक, सगळे मेले. एकही मधला नव्हता, एकाबद्दलही शंका घ्यायला जागा नव्हती. वारंग्याकडच्या त्या गावाच्या वेळी आमचे उंदीर असे बोलले असते, तर.

हैदराबादला तार गेली. तिथून एक मोठे अधिकारी आले, वयस्कर, चष्मेवाले, वागायला अतिशय सभ्य. त्यांनी स्वतःसोबत तिकडच्या साठ्यातले उंदीर आणले होते. शंका म्हणून नाही, खात्री करायला, असं ते म्हणाले, आणि ते योग्यच होतं. दोन्हीकडच्या उंदरांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. त्यांच्या उंदरांत काही मेले, काही जगले, लस दिलेले मेले आणि न दिलेलेही काही वाचले. त्यातून काहीच ठरेना. आमच्या उंदरांनी पहिल्यांदा सांगितलं तेच पुन्हा सांगितलं.

त्या अधिकाऱ्यांनी दोन्हीकडचे पिंजरे शेजारी ठेवून पाहिले आणि खूश होऊन हसले. त्यांनी विचारलं, की हा वंश किती पिढ्यांचा आहे आणि कुणी राखला. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं हात केला आणि म्हणाले, “यांनी. यांच्या घरच्या माणसांनी.”

मी कुठल्याही परीक्षेत पहिला आलो नव्हतो. पण त्या दिवशी घरी येताना माझी छाती भरून आली होती हे मी लपवणार नाही.

त्या सगळ्या पेट्या बाद झाल्या. नवी लस बर्फात आणि लाकडाच्या भुशात बांधून, एका माणसाच्या देखरेखीखाली पॅसेंजर गाडीनं आली. तिचीही आधी आमच्या उंदरांवर तपासणी झाली, आणि ती उत्तम निघाली. पाऊस सुरू झाला होता, माणसं शेतात पांगली होती, म्हणून आम्ही शेतोशेत फिरलो. आमच्या गावात लोक सुईला घाबरून मागं सरत होते, तेव्हा आबा पुढं आले आणि त्यांनी दंड उघडा केला. डॉक्टरसाहेब त्यांना म्हणाले, की तुमाला एकदा होऊन गेलाय, तुमाला एवढी गरज न्हाई. आबा म्हणाले, की मला नसंल, ह्यांना बघायची गरज हाय. त्यांच्यामागून पाटील आले, मग सगळं गाव. त्या हिवाळ्यात आसपास प्लेग आला, पण आमच्या गावात आणि आम्ही टोचलेल्या इतर गावांत तो कुठं फार पसरला नाही. आईनं त्या वर्षी पहिल्यांदा बाजारात एका बाईला सांगितलं, की माझा लेक उंदरं पाळतो, त्या उंदरांनी ही लस पारखली. ते मला बायकोनं सांगितलं.

पुढं अठ्ठेचाळीस साल आलं. आमच्या भागात त्या वर्षी माणसं माणसांना भिऊन होती. आधीच्या महिन्यांत रस्ते बंद झाले आणि मी काही दिवस गावातच अडकलो. तेव्हा माझी बायको आणि मुलगी हिंगोलीला होत्या. डॉक्टरसाहेबांनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, आणि रोज एकटे बंगल्यावर जाऊन पिंजऱ्यांना दाणापाणी केलं. नंतर निजामाचं राज्य गेलं आणि वारं उलटं फिरलं, तेव्हा डॉक्टरसाहेब आणि त्यांचं कुटुंब काही दिवस आमच्या गावी राहिलं. आबा तेव्हा थकले होते. ते ओसरीवर बाज टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की घरात पावणे हायेत. गावानं कधी काही विचारलं नाही.

सगळं शांत झाल्यावर हिंगोलीची प्रयोगशाळा बंद करून काम हैदराबादला हलवायचं ठरलं. चष्मेवाल्या अधिकाऱ्यांनी आमचे दोन्ही वंश मागितले आणि त्यांच्यासोबत मलाही. डॉक्टरसाहेबांनी मात्र हिंगोली सोडली नाही. त्यांनी गावातच दवाखाना उघडला. मी पिंजरे घेऊन निघालो तेव्हा ते स्टेशनवर आले, एकेका पिंजऱ्यावरचं कापड सारखं केलं आणि पूर्णेला गाडी बदलताना पिंजरे उन्हात ठेवू नका, एवढंच म्हणाले.

हैदराबादच्या प्रयोगशाळेत प्राण्यांची मोठी खोली माझ्या ताब्यात आली. तिथं प्रत्येक वंशाला नाव देऊन पाटी लावायची पद्धत होती. खिडकीचा आणि दाराचा ही नावं तिथं कुणाला कळली नसती. मी दोन्ही पाट्यांवर ‘हिंगोली’ लिहिलं आणि पुढं खिडकीच्याला एक, दाराच्याला दोन असे आकडे घातले. त्यानंतर इतर गावांच्या प्रयोगशाळांतून माणसं यायची आणि ‘हिंगोली एक’च्या जोड्या मागायची. मी त्यांना जोड्या बांधून द्यायचो आणि जाळी दुहेरी ठेवा म्हणून बजावायचो.

एकदा मी आबांना हैदराबाद दाखवायला आणलं. चारमिनार पाहून झाल्यावर ते म्हणाले, की आता उंदरं दाव. मी त्यांना खोलीत नेलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजरे होते. पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं, आणि मी वाचून दाखवलं.

“आपल्या गावाचं नाव लिवायचं की,” ते म्हणाले. मग म्हणाले, “न्हाई, बराबर केलंस. आपलं गाव कुनी वळखलं असतं.”

मग ते काठी टेकत पिंजऱ्यांच्या रांगेतून पुढं गेले, एकेका मादीपाशी वाकून तिचं पोट पाहत, आणि खोलीत काम करणाऱ्या माणसांना दाण्यात पेंड किती घालता ते विचारत राहिले.